कोरियाचा महिला कर्लिंग संघ : पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या एका शाळेत मी खेळ शिकवते. हिवाळी ऑलिंपिक असलं, किंवा मार्चमध्ये महिलांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, की शाळेच्या सभागृहात पडदा लावून आम्ही कर्लिंगचे सामने बघतो. मुली येतातच. त्यांना न्यायला आलेले आई-बाबा आधी दारात उभे राहतात, मग चपला काढून आत येऊन बसतात आणि प्रश्न विचारायला लागतात. कुणी काका घरी जाऊन आणखी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी फाटकात गाठतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक दक्षिण कोरियाच्या संघाची आहेत, कारण हा खेळ मला त्या संघामुळे कळला आणि त्या मुलींबद्दल मला फार वाटतं.

कर्लिंग म्हणजे नेमकं काय?

बर्फाची एक लांब पट्टी असते, सुमारे 45 मीटर लांब आणि जास्तीत जास्त 5 मीटर रुंद. दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळं आखलेली असतात, त्याला हाऊस म्हणतात. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास 3.66 मीटर, आणि मधोमध बटन. चार-चार जणींचे दोन संघ आळीपाळीने दगड सोडतात. प्रत्येकीला दोन दगड, म्हणजे संघाचे आठ. सगळे सोळा दगड संपले की एक एंड पुरा होतो. मग बघायचं, केंद्राच्या सगळ्यात जवळ कुणाचा दगड आहे. गुण फक्त त्याच संघाला. समोरच्या संघाच्या सर्वांत जवळच्या दगडाहून आत त्यांचे जितके दगड, तितके गुण. असे दहा एंड. बरोबरी झाली तर जादा एंड.

ज्यांचं बालपण कॅरमवर गेलं त्यांना डाव पटकन कळतो: कुठली सोंगटी हलवायची, कुठली आडोशाला ठेवायची, मारून झाल्यावर स्ट्रायकर कुठे थांबेल. पण कॅरममध्ये स्ट्रायकर बोटातून सुटला की तुमचं काम संपतं. इथे दगड हातातून सुटल्यावर पुढचे वीस-पंचवीस सेकंद संघ त्याच्याबरोबर धावत असतो.

दगड किती जड असतो? त्या मुलींना उचलतो कसा?

उचलत नाहीत, बर्फावरून सरकवतात. वजन जास्तीत जास्त 19.96 किलो, म्हणजे तांदळाच्या मोठ्या पोत्याइतकं. मूठ धरून खेळाडू मागच्या पायाने हॅक नावाच्या रबरी आधाराला रेटा देते आणि दगडासोबत स्वतःही घसरत पुढे जाते. पुढच्या बुटाचा तळ मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. हॉग लाइन नावाची रेघ यायच्या आत दगड सोडावा लागतो. सोडताना मुठीला हलकासा पीळ देतात, म्हणून दगड गोल फिरत जातो.

हे दगड ग्रॅनाइटचे असतात, पण कुठलंही ग्रॅनाइट चालत नाही. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरच्या खडकाचे असतात. तिथला एक प्रकार इतका घट्ट आहे की त्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे गोठून तडा जायची भीती नसते. दुसरा प्रकार आपटाआपटीला चिवट. दगडाची खालची बाजू थोडी खोलगट असते. अख्खा दगड बर्फाला टेकतच नाही, टेकते ती फक्त एक अरुंद गोल कड.

झाडू का मारतात? बर्फ साफ करायला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कचरा असेल तर तोही जातो, पण खरं काम दुसरं आहे. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून बर्फाला पुरळ आल्यासारखे उंचवटे तयार होतात, त्यांना पेबल म्हणतात. दगड त्या उंचवट्यांवरून जातो. सपाट बर्फावर तो अर्ध्यात थांबला असता. ब्रश जोरात घासला की त्या उंचवट्यांची वरची बाजू किंचित गरम होते, घर्षण कमी होतं, दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणून अंतर कमी पडेल असं वाटलं तर घासायचं, आणि दगड वळायला हवा असेल तर ब्रश उचलायचा.

घासण्यात ताकद फार लागते. अंगाचं सगळं वजन ब्रशवर टाकून, पाय घसरू न देता धावायचं, आणि तेवढ्यात दगडाचा वेग डोळ्याने मोजून स्किपला, म्हणजे कर्णधाराला, ओरडून सांगायचा. एका सामन्यात हे शेकडो मीटर चालतं. 2015-16 च्या मोसमात काही नव्या ब्रशांच्या कापडाने दगड हवा तसा वळवता येतो, अशी तक्रार खेळाडूंनीच केली. त्यानंतर जागतिक महासंघाने मोठ्या स्पर्धांसाठी एकाच प्रकारचं कापड सक्तीचं केलं.

दगड वळतो कशामुळे?

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे वळतो. घरी पालथा ग्लास ओट्यावर फिरवत सरकवून बघा, तो बरोबर उलट्या बाजूला जातो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं की दगडाची खरबरीत कड पेबलवर बारीक ओरखडे काढते आणि मागून येणारी कड त्या ओरखड्यांच्या मागे जाते. कॅनडातल्या संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे. वाद अजून मिटलेला नाही. अकरावीच्या मुलींना प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा घ्या, खरंच फार चांगला आहे.

चार खेळाडूंची कामं वेगवेगळी असतात का?

हो. लीड पहिले दोन दगड टाकते, मग सेकंड, मग थर्ड, आणि शेवटचे दोन बहुधा स्किपचे. स्किप ही कर्णधार. बाकीच्या टाकत असताना ती पलीकडच्या हाऊसमध्ये उभी राहून ब्रशने निशाणी दाखवते, कारण दगड टाकणारीला इतक्या लांबून कोन दिसत नाहीत. स्किप टाकायला आली की थर्ड तिच्या जागी जाते. लीड आणि सेकंड सामनाभर ब्रश घेऊन धावतात. पाचवी राखीव असते.

लीडचं काम दिसायला साधं. आडोशाचे दोन दगड ठेवायचे, संपलं. पण प्रत्येक एंडची आखणी त्या दोन दगडांवर उभी असते. समोरच्या संघाचे हाऊसपुढचे आडोशाचे दगड पहिल्या पाच दगडांपर्यंत खेळाबाहेर घालवता येत नाहीत, असा नियमच आहे. त्यामुळे चांगली लीड सुरुवातीलाच वाट बंद करून टाकते. आमच्याकडे सगळ्यांना स्किपच व्हायचं असतं. मी मुद्दाम एक अख्खा सामना फक्त लीडकडे बघायला सांगते.

हॅमर हॅमर म्हणतात ते काय?

एंडमधला शेवटचा दगड. तो ज्यांच्याकडे त्यांचं पारडं जड. ज्यांनी गुण घेतले, त्यांच्याकडून पुढच्या एंडचा हॅमर समोरच्यांकडे जातो. म्हणून हॅमर असताना एकच गुण मिळत असेल, तर चांगले संघ शेवटचा दगड मुद्दाम हाऊसबाहेर घालवतात. कुणालाच गुण नाही, पण हॅमर हातात राहतो आणि पुढच्या एंडला दोन गुणांचा डाव मांडता येतो. हॅमर नसताना गुण मिळाला तर त्याला चोरलेला गुण म्हणतात, आणि तो फार झोंबतो. हे एकदा लक्षात आलं की “या मुद्दाम का चुकवतायत?” हा प्रश्न पडत नाही.

जगात इतके संघ आहेत. तुम्हाला कोरियाचंच एवढं काय?

महिला कर्लिंगचं जग बराच काळ कॅनडा, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि स्कॉटलंड यांचं होतं. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 1979 मध्ये स्कॉटलंडच्या पर्थमध्ये झाली आणि स्वित्झर्लंडने जिंकली. 1998 च्या नागानो ऑलिंपिकपासून महिलांच्या कर्लिंगला पदकं आहेत. तिथे कॅनडा, 2002 मध्ये ब्रिटन, 2006 आणि 2010 मध्ये स्वीडन, 2014 मध्ये पुन्हा कॅनडा. कोरियाचा महिला संघ ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरला तो 2014 मध्ये सोचीत, आणि आठवा आला. चारच वर्षांनी, 2018 मध्ये, कोरियातल्याच प्योंगचांगच्या ऑलिंपिकला त्यांनी रौप्यपदक घेतलं.

ते पदक आलं कुठून? उत्तर ग्योंगसांग प्रांतात उईसोंग नावाचा तालुक्याएवढा भाग आहे, लोकसंख्या साधारण पन्नास हजार. आपल्या एखाद्या पेठेत आणि तिच्या शेजारच्या वस्तीत मिळून तेवढी माणसं सहज असतील. तरुण शहरांत गेलेले, शेती लसणाची. तिथे 2006 मध्ये कर्लिंगचं केंद्र उभं राहिलं, फक्त याच खेळासाठी बांधलेलं कोरियातलं पहिलं. मुलींच्या शाळेत हा खेळ होता. किम उन-जंग आणि किम यंग-मी या वर्गमैत्रिणी तिकडे गेल्या. यंग-मीची धाकटी बहीण ग्योंग-ए ताईला काही सामान द्यायला केंद्रावर आली आणि तिच्याही हातात दगड आला. मग तिने वर्गाच्या फळ्यावर लिहिलं, कुणाला कर्लिंग खेळायचंय का, आणि सन-यंग तयार झाली. चार पुऱ्या झाल्या. या चौघींनीच पुढे ऑलिंपिकची अंतिम फेरी खेळली.

गावात बर्फ होता, शाळेपासून जवळ होता, आणि चौघी वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या. मला त्या संघाची खरी ताकद यातच दिसते. “प्रतिभावान मुली शोधा” असं आपल्याकडे सारखं बोललं जातं. उईसोंगला कुणी शोधायला गेलं नव्हतं.

सगळ्यांचं आडनाव किम? सगळ्या बहिणी आहेत का?

नाही. यंग-मी आणि ग्योंग-ए सख्ख्या बहिणी, बाकीच्यांचं नातं नाही. कोरियात साधारण पाचातला एक माणूस किम असतो. 2018 च्या संघातली राखीव खेळाडू किम चो-ही, तीसुद्धा किम, आणि त्यांची प्रशिक्षकही किम. परदेशी समालोचकांची पंचाईत व्हायची, म्हणून मुलींनी एका नाश्त्याच्या वेळी समोर असलेल्या खाण्यावरून टोपणनावं घेतली: उन-जंग झाली ॲनी, हे दह्याच्या एका ब्रँडचं नाव. सन-यंग सनी, अंड्यावरून. यंग-मी पॅनकेक, ग्योंग-ए स्टेक, चो-ही चोचो.

स्किप सारखं “यंग-मी” का ओरडत होती?

ब्रश मारणाऱ्यांत यंग-मी होती आणि स्किपला तिला सूचना द्यायच्या होत्या. कधी लांब सूर, कधी तुटक, कधी घाई करणारा. सुरावरून यंग-मीला कळायचं की घासायचं, थांबायचं की जीव तोडून घासायचं. अख्ख्या कोरियात ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. सामना बघताना आवाज बंद करू नका. खेळाडूंच्या अंगावर माइक असतात, त्यांची चर्चा ऐकू येते, आणि भाषा येत नसली तरी दगड जास्त जोरात गेला की कमी, हे आवाजावरून समजायला लागतं.

2018 मध्ये त्या इतक्या पुढे गेल्याच कशा?

साखळीत नऊ सामने होते. पहिलाच जगज्जेत्या कॅनडाशी, तो 8-6 ने जिंकला. त्याच दिवशी संध्याकाळी जपानकडून 5-7 ने हरल्या. त्यानंतर एकही हरल्या नाहीत. स्वीडनला 7-6 ने हरवलं, आठ विजय घेऊन साखळीत पहिल्या आल्या. स्पर्धेपुरते त्यांनी मोबाइल दूर ठेवले होते, त्यामुळे बाहेर आपल्या नावाचा केवढा गजर चाललाय हे त्यांना नीट माहीतच नव्हतं.

उपांत्य सामना 23 फेब्रुवारीला, पुन्हा जपानशी. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेचार वाजून गेले होते, शुक्रवार होता. शेवटच्या एंडपर्यंत कोरिया पुढे होता आणि हॅमरही कोरियाकडे होता. तरी जपानने दहाव्या एंडला गुण चोरून 7-7 केलं. गुण जपानला गेल्याने जादा एंडचा हॅमर कोरियाकडेच राहिला. शेवटी जपानचा दगड हाऊसमध्ये होता आणि उन-जंगच्या हातात एकच दगड उरला होता. समोरचा दगड उडवायचा नव्हता. त्याच्याहून आत जाऊन थांबायचं होतं, आणि अशा घडीला थांबवणं हे मारण्याहून कितीतरी अवघड. उन-जंगने हॅकमध्ये पाय रोवला, चष्म्यामागचा तिचा चेहरा रोजच्याइतकाच कोरा होता. दगड सुटला. हॉग लाइन ओलांडून गेल्यावर यंग-मी आणि सन-यंग वाकून धावत होत्या, हाऊसमधून ग्योंग-ए दिशा सांगत होती, आणि मागून उन-जंग ओरडत होती. दगड वळत आत आला आणि जपानच्या दगडापेक्षा आत थांबला. 8-7. त्यानंतर उन-जंगने चष्मा काढला आणि ती रडली. संपूर्ण स्पर्धेत तिचा चेहरा हललेला कुणी पाहिला नव्हता. समोर जपानची स्किप सात्सुकी फुजिसावा होती. जपानने पुढे ब्रिटनला हरवून कांस्य घेतलं, तेही त्यांचं पहिलंच. म्हणजे तो सामना आशियाच्या दोन पदकविजेत्या संघांचा होता.

मग अंतिम सामना का हरल्या?

स्वीडन जास्त चांगलं खेळलं. आना हासेलबोर्गच्या संघाने चुका होऊच दिल्या नाहीत. नऊ एंडनंतर 8-3 असताना कोरियाच्या मुलींनी हात पुढे केला आणि सामना सोडला. कर्लिंगमध्ये याला पळपुटेपणा समजत नाहीत. डाव परत येणार नाही हे ओळखून समोरच्याचा मान राखणं, असा तो रिवाज आहे.

पदकानंतर त्या मुलींचं काय झालं?

हे उत्तर लांब आहे, आणि पालकांनी तर ते वाचावंच.

नोव्हेंबर 2018 मध्ये, रौप्यपदकाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पाचही जणींनी एक पत्र लिहून जगासमोर आणलं. ज्या प्रशिक्षक कुटुंबाने त्यांना वाढवलं, त्याच कुटुंबाकडून शिवीगाळ, अपमान आणि माणसांपासून तोडून ठेवणं चाललं होतं, असं त्यांनी लिहिलं. बक्षिसाचे पैसे हाती नीट दिले गेले नाहीत, असंही. स्किप उन-जंगने लग्न केल्यावर तिला बाजूला काढायचा प्रयत्न झाला, हीसुद्धा तक्रार त्यात होती. सरकारने चौकशी केली. फेब्रुवारी 2019 मध्ये अहवाल आला आणि मुलींचं म्हणणं मुख्यतः खरं निघालं, पैशांचा गैरवापरही.

या मुलींना गमावायला काय होतं ते बघा. त्यांचा बर्फ, त्यांचं केंद्र, त्यांचा पगार, सगळं त्याच माणसांच्या हातात. चाहत्यांना त्या राष्ट्राच्या लाडक्या होत्या, आणि घरी कुणाला काही सांगायची सोय नव्हती. तरी पाचही जणी एकत्र बोलल्या. एकटीने बोललं असतं तर तिला संघाबाहेर काढून दुसरी घेतली असती. पाच जणींना काढता येत नाही.

उन-जंग आई झाली. ती नसताना ग्योंग-एने स्किपची जागा सांभाळली. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या पुन्हा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. 2021 मध्ये उईसोंग सोडून गांगनुंग शहराच्या संघात गेल्या, प्योंगचांग ऑलिंपिकचं कर्लिंग जिथे झालं होतं त्याच शहरात. बीजिंगच्या 2022 च्या ऑलिंपिकला पात्रता स्पर्धेतून पोचल्या, तिथे आठव्या आल्या. पण लगेच पुढच्या महिन्यात कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जला जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि स्वित्झर्लंडकडून 6-7 ने हरल्या. जागतिक स्पर्धेत कोरियाचं ते पहिलं रौप्य. मला विचाराल तर 2018 च्या पदकापेक्षा हे पदक मोठं आहे.

शाळेतल्या मुलींना हे सांगावं का, असं एका आईने विचारलं होतं. सांगावं. प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी मुलीचा फोन, तिचे पैसे आणि तिच्या मैत्रिणी त्याच्या ताब्यात नसाव्यात, एवढं तर आठवीच्या मुलीलाही कळतं.

राष्ट्रीय संघ अजून तोच आहे का? निवड समिती असते का?

क्रिकेटसारखी अकरा जणांची यादी इथे जाहीर होत नाही. कोरियात शहरं आणि प्रांत आपापले संघ पोसतात: गांगनुंग, ग्योंगी, चुंचॉन. राष्ट्रीय स्पर्धा जो जिंकेल तो अख्खा संघ त्या मोसमाचा राष्ट्रीय संघ. कॅनडातही जागतिक स्पर्धेला राष्ट्रीय विजेता संघच जातो. म्हणून कोरियाचा चेहरा बदलत राहतो. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेचं पहिलं कांस्य चुंचॉनच्या तरुण संघाने आणलं. अलीकडची वर्षं गिम उन-जीच्या संघाची. त्यात सोल आडनावाच्या जुळ्या बहिणी आहेत. या संघाने 2023 ची पॅन कॉन्टिनेंटल, म्हणजे युरोपबाहेरच्या देशांची, स्पर्धा जिंकली, 2024 ला जागतिक कांस्य घेतलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत सुवर्ण.

मला ही पद्धत आवडते. चार मुलींनी एकमेकींना सांभाळून घेतलं, तर त्यांना कुणी एकेकटं उचलून वेगळं करत नाही.

महिलांसाठी नियम किंवा दगड वेगळे असतात का?

नाही. तोच दगड, तीच पट्टी, तेच दहा एंड. विचार करायला प्रत्येक संघाला मिळणारी 38 मिनिटंही तीच.

पंच दिसत नाहीत. मग भांडणं होत नाहीत का?

पंच असतात, पण मध्ये फारसे पडत नाहीत. ब्रश चुकून चालत्या दगडाला लागला तर ज्याच्याकडून लागला त्यानेच हात वर करून सांगायचं असतं. एंडचे गुण दोन्ही थर्ड आपसांत ठरवतात. दोन दगड अगदी सारख्या अंतरावर वाटले तरच मोजपट्टी मागवतात. आमच्या आंतरशालेय सामन्यांत मी हा नियम लावून पाहिला आहे. पहिले काही दिवस मुली घुटमळतात, मग स्वतःहून सांगायला लागतात.

आशियात आणखी कोण चांगलं खेळतं?

चीन आणि जपान. चीनची वांग बिंग्यू हार्बिनची. तिच्या संघाने 2009 ची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि 2010 ला व्हँकुव्हरमध्ये कांस्य घेतलं. जपानने 2022 मध्ये रौप्य घेतलं, अंतिम सामन्यात ब्रिटनकडून 3-10 हरून.

आणि भारत?

भारताचा पुरुष संघ 2023 मध्ये पॅन कॉन्टिनेंटल स्पर्धेच्या बी विभागात उतरला होता. तिथून वर सरकत जायचं असतं. आपल्याकडे बर्फाची खरी मोठी जागा म्हणजे डेहराडूनची हिमाद्री रिंक, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली. पण स्केटिंगचा बर्फ आणि कर्लिंगचा बर्फ यांत फरक आहे. कर्लिंगला पातळीत एक-दोन मिलिमीटरचा चढउतारही खपत नाही.

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी लॉन बोल्सची आठवण करून देते. गवतावर चेंडू घरंगळवत नेऊन छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबवायचा खेळ, डावपेच कर्लिंगच्या फार जवळचे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 ने हरवून सुवर्ण घेतलं. त्या दिवसापर्यंत यांची नावं किती जणांनी ऐकली होती?

पुण्यात खेळायचं तर कुठे?

बर्फावर, आज तरी, पुण्यात नाही. पण डाव शिकता येतो. आमच्या सभागृहात जुनी शहाबादी फरशी आहे. तिच्यावर खडूने हाऊस आखतो. सुताराकडून लाकडाच्या जाड गोल चकत्या करून घेतल्या, तळाला फेल्ट चिकटवलं, वर मूठ बसवली. सांध्यांवर चकती अडखळते, त्यामुळे कुठल्या फरशीवरून न्यायची हेसुद्धा मुलींना ठरवावं लागतं. वळण मिळत नाही, ब्रशचा उपयोग नाही. मिळतो तो अंदाज: किती जोर म्हणजे बटन, किती म्हणजे आडोसा. परवा सातवीतली एक मुलगी हॅमर असताना मुद्दाम बाहेर खेळली, आणि तिच्या संघातल्या तिघी आरडाओरडा न करता टाळ्या वाजवत होत्या. बाजारात खाली बेअरिंग बसवलेले, जमिनीवर खेळायचे तयार संचही मिळतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलांनाही ते खेळता येतात. पॅरालिंपिकमध्ये व्हीलचेअर कर्लिंग 2006 पासून आहे, त्यात दगड काठीने ढकलतात आणि ब्रश नसतो.

मुलीने यात वेळ घालवून पुढे काय?

हा प्रश्न कोथरूडमध्ये प्रत्येक खेळाबद्दल विचारतात, आणि विचारणाऱ्यांची काळजी मला कळते. पुण्यात राहून कर्लिंगवर पोट भरणार नाही. नोकरीत खेळाचा कोटा वगैरे धरून कुणी यात येऊ नये. पण उईसोंगच्या मुलींनाही पंधराव्या वर्षी त्यातून काही मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं. शाळा सुटल्यावर गावात करण्यासारखं दुसरं फारसं नव्हतं, आणि केंद्र उघडं होतं. बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं, तेव्हा एवढी जागा शहराबाहेर कशाला, असंही लोक म्हणाले असतील. त्या जागेवर नंतर किती मुलामुलींचा सराव झाला ते बाणेर-बालेवाडीच्या रहिवाशांना विचारा. दहावीच्या वर्षीही आठवड्यातले दोन तास मुलीकडून काढून घेऊ नका, एवढीच माझी पालकांना विनंती असते.

सामने कधी असतात? पुण्यात किती वाजता दिसतील?

महिलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी मार्चमध्ये. 2025 पर्यंत पॅन कॉन्टिनेंटल साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि युरोपची स्पर्धा नोव्हेंबरमध्ये व्हायची. कॅनडात सामने असले तर आपल्याकडे रात्री उशिरा आणि पहाटे, युरोपात असले तर दुपारपासून रात्रीपर्यंत, कोरिया-जपानमध्ये असले तर पहाटे ते संध्याकाळ. ऑलिंपिकला दहा संघ असतात, प्रत्येकाचे नऊ साखळी सामने, मग पहिले चार उपांत्य फेरीत. पुढचं हिवाळी ऑलिंपिक 2030 मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये आहे. फेब्रुवारीत फ्रान्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळी नऊचे सामने आपल्याकडे दुपारी दीडला. शाळेत लावता येतील अशी वेळ आहे. सभागृह आत्ताच मागून ठेवायला हवं, फेब्रुवारीत दहावीच्या सराव परीक्षा असतात.